छोटा स्टुडिओ, मोठा गेम आणि पब्लिशरची थैली

कर्लीकाठ | रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

कुडाळात आमचा छोटासा आर्ट स्टुडिओ आहे. परदेशी गेम्ससाठी थ्रीडी मॉडेल्स करून देणं हा पोटापाण्याचा धंदा. पिंपं, दरवाजे, तोफा, नशीब जोरावर असेल तर एखादं पात्र. उरलेल्या वेळात आणि उरलेल्या पैशात आमचा स्वतःचा गेम चाललाय: कान्होजी आंग्र्यांच्या काळातला विजयदुर्ग आणि वाघोटन खाडीतली गोदी. डेमो तयार आहे. दिसायला तो 'मोठ्या' गेमसारखा आहे, असं ज्यांनी पाहिला ते म्हणतात.

मध्यंतरी एका युरोपीय पब्लिशरच्या (गेमला पैसा लावणारी आणि तो बाजारात आणणारी कंपनी) माणसाशी बोलणं झालं. नाव लिहीत नाही. डेमो आवडला म्हणाला. मग बजेट विचारलं. आम्ही सांगितलं, १२ कोटी रुपये आणि तीन वर्षं. त्यावर उत्तर आलं की छोट्या गेम्सच्या फंडाला हे जड आहे आणि मोठ्या गेम्सच्या कमिटीपुढे न्यायला फारच हलकं. एक तर तीन कोटींत बसवा, नाहीतर चाळीस कोटींचा प्लॅन करा आणि कुणीतरी नावाजलेला डायरेक्टर जोडून आणा. बारा कोटींत होणारा गेम बारा कोटींत नको, हे काय गौडबंगाल आहे?

म्हणून जरा खणायला घेतलं. जे हाती लागलं ते मांडतो, जाणकारांनी भर घालावी.

जून २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकेच्या एफटीसीचा (तिथला स्पर्धा नियामक) खटला चालू असताना सोनीची कागदपत्रं कोर्टात आली. आकडे काळ्या मार्करने खोडले होते, पण स्कॅनमध्ये खालचं वाचता येत होतं. 'द लास्ट ऑफ अस भाग २' ला २२ कोटी डॉलर, 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' ला २१.२ कोटी डॉलर. होरायझनवर पाच वर्षांत जास्तीत जास्त ३०० माणसं. आता गंमत बघा. या धंद्यात बरीच वर्षं एक ठोकताळा वापरला जायचा: पगार, भाडं, मशिनं सगळं धरून एका माणसामागे महिन्याला १० हजार डॉलर. ३०० माणसं गुणिले १० हजार गुणिले ६० महिने, झाले १८ कोटी डॉलर. म्हणजे तो अवाढव्य आकडा मुख्यतः पगारपत्रकच आहे. आणि अमेरिकेतल्या महागड्या शहरांत आता हाच दर १५ ते २० हजारांवर गेलाय म्हणतात.

त्याच वर्षी ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाच्या अहवालात आलं की २०२४-२५ मध्ये येणाऱ्या मोठ्या गेम्सना पब्लिशर २० कोटी डॉलर आणि त्याहून जास्त मंजूर करतायत. डिसेंबर २०२३ मध्ये हॅकरांनी सोनीच्याच इन्सोम्नियाक स्टुडिओची कागदपत्रं फोडली. त्यात 'स्पायडरमॅन २' चं बजेट ३० कोटी डॉलरच्या घरात, आणि खर्च भरून निघायला पूर्ण किमतीला ७२ लाख प्रती खपायला हव्यात, असा हिशेब होता. एवढा पैसा अडकल्यावर कमिटी नवं काही करून बघायला धजावणार कशी? आणि सुरक्षित खेळूनही पडतातच. सोनीचा 'कॉनकॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद झाला, गिऱ्हाइकांचे पैसे परत केले, ऑक्टोबरात स्टुडिओलाच कुलूप.

दुसऱ्या टोकाला बघा. २०१७ मध्ये केंब्रिजच्या निंजा थिअरीने 'हेलब्लेड' काढला. साधारण वीस जण, बजेट एक कोटी डॉलरच्या आत, पब्लिशर नाहीच, किंमत नेहमीच्या निम्मी. तीन महिन्यांत पाच लाख प्रती गेल्या, पैसे वसूल. मोशन कॅप्चरसाठी (खऱ्या माणसाच्या हालचाली टिपून पात्राला लावणं) त्यांनी मीटिंगची खोली रिकामी करून आयकियाच्या कपाटांचे दांडे वापरले होते. नायिका झाली ती त्यांचीच व्हिडिओ एडिटर. आणि २०२५ चा 'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपिडिशन ३३' तर सगळ्यांना माहीतच आहे. फ्रान्सच्या माँपेलिएमधला सँडफॉल, तिशीच्या आसपास माणसं, बजेट पुन्हा एक कोटी डॉलरच्या आत असल्याचं छापून आलंय. तीन दिवसांत दहा लाख प्रती, आणि वर्षाअखेरीस गेम ऑफ द इयर.

माझं मत सरळ आहे. आपण सगळे 'बजेट किती' यावर बोलतो. पण छोट्या स्टुडिओचा जीव रकमेवर टांगलेला नसतो. पैसा कधी येतो आणि कुठल्या अटीवर येतो यावर असतो. बारा कोटी वेळेवर आले तर आम्ही तो गेम करू. चाळीस कोटी हप्त्या-हप्त्याने, प्रत्येक हप्त्याला 'बघू, कमिटी बसू दे' म्हणत आले, तर सहा महिन्यांत आमचं शटर खाली.

तुम्हाला काय वाटतं?

शंकासूर | रविवार, रात्री ११:०२

लेख छान. पण 'तीस जणांनी केला' ही कथा आता पुरे. एक्सपिडिशन ३३ ची श्रेयनामावली शेवटपर्यंत बघा. लढाईच्या अ‍ॅनिमेशनला कोरियातली मंडळी, टेस्टिंगला बाहेरची कंपनी, कन्सोलवर (प्लेस्टेशनसारख्या यंत्रांवर) न्यायला वेगळी माणसं, भाषांतरं, वाद्यवृंद, आवाजाचे कलाकार. त्यात अँडी सर्किस आणि चार्ली कॉक्स आहेत. सँडफॉलची कचेरी छोटी आहे, गेमला लागलेले हात थोडे नाहीत.

यात कमीपणा काही नाही, उलट तेच त्यांचं डोकं. पण ही कथा कमिटीतल्या साहेबाच्या कानावर गेली की तो प्रत्येक छोट्या स्टुडिओला विचारणार, "त्यांना जमलं, तुम्हाला का नाही?" आणि बजेट छाटणार. तुमच्या युरोपीय माणसाचा तीन कोटींचा आकडा तिथूनच आला असेल.

आणखी एक. हेलब्लेड वसूल झाल्यावर वर्षभराच्या आत, जून २०१८ मध्ये, निंजा थिअरी मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. स्वतंत्र राहून मोठा गेम करण्याचा झेंडा मिरवणाऱ्यांनाही शेवटी कुणाच्या तरी ओसरीवर बसावंसं वाटलंच ना?

बाबल्या_मालवण | सोमवार, सकाळी ७:३०

दादानू, वाचलंय सगळां. हिशेब माका काय कळूक नाय. पण कान्होजींचो गेम आणि गलबत चालवूक गावचां की नाय? धाग्यात खंयच लिवक नाय. आमी किनाऱ्यार ऱ्हवतो, आमका दर्यात जावचां आसा.

कर्लीकाठ | सोमवार, सकाळी ९:१०

शंकासूर, मान्य. बारा कोटींच्या आमच्या कागदातही बावीस जणांचे तीन वर्षांचे पगार आणि कचेरी मिळून सात कोटींच्या थोडं वर जातात. बाकीचे पावणेपाच कोटी बाहेरच्यांचेच: आवाज, टेस्टिंग, कन्सोल, भाषा, आणि अडीअडचणीची गंगाजळी. पब्लिशरने पहिली कात्री नेमकी त्या गंगाजळीलाच लावली.

बाबल्या, बाबा, नाही गावचां. गलबत आहे, त्यावर चढता येतं, डेकवर लढाई आहे. पण ते गोदीत नांगरलेलं आहे. शीड उभारून खुल्या दर्यात जाता येणार नाही.

हे ऐकून घरातही भांडणं झालीत माझ्या. पण समुद्र हा गेममधला सगळ्यात महागडा प्रकार. लाट हलली की गलबत हलणार, गलबत हललं की त्यावरचा प्रत्येक माणूस तोल सावरणार, कॅमेरा हलणार, तोफेचा गोळा कुठे पडेल ते गणित बदलणार. आणि एवढं करून मैलोन् मैल पाणी, त्यात खेळणाऱ्याला काय करायला द्यायचं? युबिसॉफ्टचा 'स्कल अँड बोन्स' हा निव्वळ जहाजांचा गेम. काम २०१३ मध्ये सुरू झालं, गेम बाजारात आला फेब्रुवारी २०२४ मध्ये. त्यांच्याकडे सिंगापूरचा अख्खा स्टुडिओ होता आणि साहेबांनी त्याला 'क्वाड्रुपल ए' (म्हणजे सगळ्यात मोठ्या, 'ट्रिपल ए' गेम्सच्याही वरचा) म्हणून मिरवलंही. त्यांची ती गत, तर आमची काय कथा.

गिर्ये-विजयदुर्गच्या खाडीत गलबतं बांधली जायची, दुरुस्त व्हायची. गोष्ट तिथेच घडते. तिहेरी तटबंदी, गोदी, खाडीचं तोंड. एवढी जागा आम्ही अशी करू शकतो की दगडावरचं शेवाळ दिसेल.

बाबल्या_मालवण | सोमवार, सकाळी ९:२२

बरां. तोफ तरी उडवूक मिळतली मां?

कर्लीकाठ | सोमवार, सकाळी ९:२५

मिळतली.

घाटावरचा_रत्नांग्रीकर | सोमवार, दुपारी १:४०

पुण्यात एका मोठ्या स्टुडिओत प्रोड्यूसर आहे, म्हणून चार गोष्टी आतल्या बाजूच्या.

बारा कोटी का नकोत? पब्लिशरकडे पैशापेक्षा जागा कमी असतात. वर्षाला अमुक इतकेच गेम बाजारात आणायचे. मार्केटिंगची टीम तेवढीच, टेस्टिंगची तेवढीच, सोनी-निन्टेंडोकडे सर्टिफिकेशनला (त्यांच्या यंत्रावर गेम आणायच्या मंजुरीला) पाठवणारी माणसं तेवढीच. बारा कोटींचा गेम त्या माणसांचा जवळपास तेवढाच वेळ खातो जेवढा चाळीस कोटींचा. मग कमिटीतला माणूस विचारतो, या जागेवर मोठा मासा का नको? आणि तीन कोटींचे पाच-सहा गेम मात्र तो डोळे मिटून घेतो, कारण एखादा लागला तरी बाकीच्यांचं निघतं. मधला गेम दोन्हीकडून मार खातो. तुमच्या गेमच्या चांगल्या-वाईटाशी याचा संबंध नाही.

दुसरं, कमिटी गेम बघत नाही, तक्ता बघते. 'याच्यासारखे' गेम कोणते, त्यांचा खप किती. विजयदुर्गच्या गोदीसारखा गेम यापूर्वी झालेलाच नाही, म्हणजे तक्त्यात ओळच नाही. तो डायरेक्टरचा आग्रह त्यासाठी. गेमसारखा गेम नाही तर निदान माणसाच्या नावापुढे एक आकडा लिहिता येतो.

एक्सपिडिशन ३३ चा पब्लिशर केप्लर कसा आहे तेही बघा. २०२१ मध्ये काही स्टुडिओंनी मिळून काढलेला, चीनच्या नेटईज कंपनीची १२ कोटी डॉलरची गुंतवणूक घेऊन. स्टुडिओच सहमालक. तिथे टेबलापलीकडे बसणाऱ्यांनी स्वतः कधीतरी पगाराची तारीख चुकवलेली असते. फरक पडतो.

आणि आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम' चा रीमेक. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाला, युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होता. ट्रेलरला लोकांनी धू धू धुतलं, तारीख पुढे गेली, मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे गेलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये गेमच रद्द. इतका मोठा गेम पहिल्यांदा आपल्या मुलांच्या हाती आला होता. ट्रेलर कच्चा होता हे खरंच आहे, पण ज्या दिवशी तो दाखवायचा निर्णय झाला त्या दिवशी पुण्यातल्या कुणाला विचारलं असेल असं मला वाटत नाही. हे आपलं माझं मत.

सागरवेल | सोमवार, दुपारी ३:०५

रत्नागिरीतून घरबसल्या काम करते, गेममधल्या वस्तू (प्रॉप्स) आणि आजूबाजूचा परिसर बनवते. वरच्या बजेटचे निर्णय इथपर्यंत कसे पोचतात ते सांगते, कारण धाग्यात सगळे मालक लोक बोलतायत. 😊

मला कधी कुणी 'गेम रद्द झाला' असं सांगितलेलं नाही. आधी फीडबॅक यायचा थांबतो. मी एका मोठ्या गेमसाठी दोरखंडाची वेटोळी करत होते. एक सुकं, एक भिजलेलं, एक कुजायला लागलेलं, एकावर मीठ साचलेलं. रोज रात्री तिकडून लाल खुणा करून यायच्या, 'इथला पीळ उलटा आहे' वगैरे. इतकं बारीक बघणारा माणूस होता की मी भाट्ये किनाऱ्यावर जाऊन बोटींचे दोर हातात घेऊन पीळ मोजला होता. मग एक आठवडा काहीच नाही. मग ईमेल: 'काम तात्पुरतं थांबवलं आहे, झालेल्या कामाचं बिल पाठवा.' महिन्याभराने बातमीत वाचलं की स्टुडिओतले निम्मे लोक काढले.

करारात एक कलम असतंच, की कारण न देता तीस दिवसांच्या नोटिशीवर काम थांबवता येईल. पब्लिशर स्टुडिओला थांबवतो, स्टुडिओ कंत्राटदाराला, कंत्राटदार मला. माझ्याखाली कुणी नाही.

आणि चांगला गेम केला की वाचतो हेही खरं नाही. मायक्रोसॉफ्टच्याच टँगो गेमवर्क्स स्टुडिओचा 'हाय-फाय रश' जानेवारी २०२३ मध्ये आला, सगळ्यांना आवडला, पुरस्कार मिळाले. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्टुडिओ बंद केला. दुसऱ्याच दिवशी त्यांचे साहेब आतल्या बैठकीत म्हणाले की आपल्याला प्रतिष्ठा मिळवून देणारे छोटे गेम हवेत. पुढे ऑगस्टमध्ये कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने टँगोला घेतलं म्हणून ती माणसं टिकली. कर्लीकाठ, तुम्ही पब्लिशर शोधताय ते ठीक, पण तुमच्या बावीस जणांना तीस दिवसांच्या नोटिशीचं कलम वाचून दाखवा.

बागाईतदार_देवगड | सोमवार, सायंकाळी ६:५०

मी गेम खेळत नाही, नातू खेळतो. पण तुमची ही पब्लिशर भानगड वाचून हसू आलं. अहो, हे तर आम्ही पिढ्यान् पिढ्या करतोय.

मोहर यायच्या आधी फवारणीला पैसा लागतो. खतं, औषधं, राखणदारांचा पगार, सगळं आधी. आंबा निघणार मार्च-एप्रिलात. मग वाशीचा आडत्या उचल देतो. दिली की माल त्याच्याकडेच घालायचा. पट्टी येते त्यात आधी उचल वळती, मग कमिशन, हमाली, गाडीभाडं, आणि उरलं तर आपलं. भाव काय लागला ते तो सांगेल तो. तुमचा पब्लिशर म्हणजे आडत्याच की.

आणि तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर, रकमेपेक्षा वेळ. थ्रिप्सची कीड पडल्यावर आठवड्याने आलेली उचल काय कामाची? फवारणी चुकली ती चुकली.

कर्लीकाठ | सोमवार, रात्री ८:२०

काका, दंडवत. एवढं सोपं करून मला पब्लिशरलाही सांगता आलं नसतं. आमचा हप्ता असाच असतो. ठरलेलं काम दाखवायचं, त्यांनी ते बघून मंजूर करायला महिना, मग बिल, बिलाला पंचेचाळीस दिवस. इकडे पगार एक तारखेला. मधले अडीच महिने आम्ही पिंपं आणि दरवाजे विकून काढतो, म्हणजे स्वतःच्या गेमचं काम थांबतं, म्हणजे पुढचा हप्ता लांबतो.

बँकेकडे गेलो होतो, कर्ज नाही, निदान ओव्हरड्राफ्ट तरी. साहेबांनी 'गेमिंग' शब्द वाचला आणि फाईल मिटली. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला ना, तेव्हापासून गेमिंग म्हणजे रमीच. "हे बंद झालं ना आता?" मी डेमो दाखवला. त्यांनी विजयदुर्ग ओळखला, खूश झाले, चहा पाजला. ओव्हरड्राफ्ट नाही.

शंकासूर | सोमवार, रात्री ८:४५

काकांचं आडत्याचं बोलणं झकास, पण एक मोठा फरक आहे. आडत्याने उचल दिली म्हणून बाग त्याची होत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे माल घालायला तुम्ही मोकळे. पब्लिशर मात्र कित्येकदा कलमांसकट जमीन मागतो. गेमचं नाव, पात्रं, पुढचे भाग, सगळं त्याच्या नावावर.

बागाईतदार_देवगड | सोमवार, रात्री ९:१५

तसं असेल तर तो आडत्या नाही. सावकार.

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ११:३०

चिपळूणला सीए आहे. आमच्याकडे आयटी, व्हीएफएक्सवाल्यांचे करार येतात, एक-दोन गेमवाल्यांचेही आले. काकांच्या पट्टीवरून पुढे जाते, कारण खरी मेख वळतं करण्याच्या कलमात आहे आणि तिकडे कुणी बघत नाही.

कर्लीकाठ यांचेच आकडे घेऊ. १२ कोटी म्हणजे अंदाजे १४ लाख डॉलर. पब्लिशर मार्केटिंगला आणखी ६ लाख लावेल आणि तेही वसुलीत धरेल, धरतातच. एकूण २० लाख डॉलर वसूल व्हायचे. गेमची किंमत ३० डॉलर ठेवली तरी सेल, कर, परतावे जाता एका प्रतीमागे सरासरी १८ पडले असं समजा. स्टीमचा (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) वाटा ३० टक्के. एक कोटी डॉलरच्या वर विक्री गेली तर वरच्या रकमेवर तो २५ होतो, पण आपण तूर्त ३० च धरू. हाती राहिले १२ डॉलर ६० सेंट. वाटणी ठरली पब्लिशरला ७०, स्टुडिओला ३०.

आता कलम दोन तऱ्हेने लिहिता येतं. पहिली तऱ्हा: आलेल्या सगळ्या रकमेतून आधी २० लाख वळते करायचे, मग वाटणी. तर साधारण १ लाख ५९ हजार प्रती खपल्या की स्टुडिओला पैसे सुरू. दुसरी तऱ्हा: पहिल्या दिवसापासून वाटणी, पण वसुली फक्त स्टुडिओच्या ३० टक्क्यांतून. म्हणजे प्रतीमागे ३ डॉलर ७८ सेंट. तर तुमचा पहिला रुपया ५ लाख २९ हजार प्रतींनंतर. तोवर पब्लिशर आपल्या ७० टक्क्यांतून ४६ लाखांहून जास्त डॉलर घेऊन बसलेला असतो, आणि कागदावर स्टुडिओ अजून 'कर्जात'.

बजेट तेच, गेम तोच, टक्केवारीही तीच. एका ओळीचा फरक. दुसऱ्या तऱ्हेचा मसुदा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, नाव नाही सांगणार.

चांगल्या अटीही असतात, सगळेच गळा कापत नाहीत. एपिक या अमेरिकी गेम कंपनीने मार्च २०२० मध्ये जाहीर केलेली योजना अशी: विकासाचा पूर्ण खर्च ते उचलू शकतात, गेमची मालकी स्टुडिओची, खर्च निघाल्यावर नफा किमान निम्मा स्टुडिओला. रेमेडी स्टुडिओचा 'अ‍ॅलन वेक २' त्यातूनच झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. तरी बघा, खर्च पूर्ण वसूल होऊन रॉयल्टी सुरू व्हायला २०२४ चं वर्ष संपत आलं. उत्तम करार असून वर्षभर वाट. तेवढं वर्ष निघेल एवढी शिल्लक तुमच्या बजेटात आहे का? बहुतेक स्टुडिओ बजेट गेम संपण्याच्या तारखेपर्यंतच मांडतात.

आणि बोनसच्या आमिषावर जाऊ नका. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' च्या वेळी तो करणाऱ्या ऑब्सिडियन स्टुडिओला बोनस मेटाक्रिटिकवर (समीक्षकांच्या गुणांची सरासरी देणारी साइट) ८५ मिळाले तर होता. मिळाले ८४.

घाटावरचा_रत्नांग्रीकर | मंगळवार, दुपारी १२:१०

हिशेबनीस ताई, हा प्रतिसाद कुणीतरी छापून प्रत्येक गेम डेव्हलपर संमेलनाच्या दारावर चिकटवा.

पब्लिशरला सोडून दुसरी दारंही ठोठावा हो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा 'राजी' हा गेम आठवा. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर (ऑनलाइन लोकवर्गणीची साइट) पैसे मागितले, लक्ष्य गाठलं नाही. तरी थांबले नाहीत, एपिकचं अनुदान मिळालं, मग पब्लिशर मिळाला, ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेंडो स्विचवर आला. भारतीय गेम स्टुडिओंना मदत करणारा सोनीचा इंडिया हीरो प्रोजेक्ट २०२३ पासून आहे. राज्याने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन-गेमिंगचं धोरण मंजूर केलंय, ३,२६८ कोटींची तरतूद सांगितलीय. त्यातलं कुडाळपर्यंत किती झिरपतं हा भाग वेगळा. मुंबई-पुण्याच्या खाली नकाशा संपतो असं मंत्रालयात बऱ्याच जणांना वाटतं.

सागरवेल | मंगळवार, दुपारी १२:४०

नकाशाबद्दल +१.

अवांतर: कर्लीकाठ, मोशन कॅप्चर कुठे करता? आयकियाचे दांडे काय कुडाळात मिळत नाहीत. 😊

कर्लीकाठ | मंगळवार, रात्री ९:५०

अवांतर अजिबात नाही, बजेटचाच भाग आहे तो.

मुंबईच्या स्टुडिओचा दिवसाचा दर ऐकून फोन ठेवला. मग सेन्सर बांधायचा सूट भाड्याने आणला आणि पावसाळ्यात एक मंगल कार्यालय घेतलं. आषाढानंतर लग्नं नाहीत, हॉल रिकामे, भाडं निम्म्यावर. तलवारबाजीला दशावतारातला एक कलाकार. त्याने दोन तास आधी आमचीच शाळा घेतली. आमच्या अ‍ॅनिमेटरने परदेशी व्हिडिओ बघून पवित्रे बसवले होते, तो म्हणाला असं उभं राहिलं तर पहिल्याच वाराला आडवा होशील.

पण रेकॉर्डिंग बघितलं तर स्क्रीनवरचा मावळा चालता चालता हळूहळू भिंतीकडे वळतोय, पाय उलटे. सूटमधल्या सेन्सरला दिशा कळते चुंबकत्वावरून, आणि कार्यालयाच्या पत्र्याखाली सगळ्या लोखंडी कैच्या, जमिनीत सळ्या. अख्खा दिवस वाया. शेवटी एका शाळेचा जुना कौलारू हॉल मिळाला. लाकडी वासे, शेणाची नाही पण मातीवर बसवलेल्या फरशीची जमीन, लोखंड म्हणून फक्त खिळे. तिथे स्वच्छ डेटा आला. पाऊस कौलांवर एवढा वाजत होता की आवाज काहीच घेता आला नाही, पण हालचाली पहिल्या दर्जाच्या.

हा सगळा खटाटोप पब्लिशरच्या तक्त्यात 'मोशन कॅप्चर' या एका ओळीत बसतो आणि आमचा आकडा बघून त्यांना वाटतं की शून्य लिहायचं राहिलं.

हिशेबनीस ताई, तुमचा हिशेब घेऊन मी त्या युरोपीय माणसाला परत लिहिलंय. तीनही नाही आणि चाळीसही नाही. आठ कोटी मागतोय, पण दर महिन्याला ठरलेली रक्कम, हप्ता मंजुरीला दोन आठवड्यांची मर्यादा, वसुली एकूण रकमेतून, मालकी आमची. त्या बदल्यात त्यांचा वाटा वाढवून द्यायची तयारी. एक पात्र आणि दोन भाषा कमी केल्या. त्यांचं म्हणणं आलंय की बाकी बोलू, पण मालकी 'दोघांची' ठेवूया. यात गोम काय?

हिशेबनीस | बुधवार, सकाळी १०:०५

गोम अशी की दोघांची मालकी म्हणजे दोघांपैकी कुणीही अडवू शकतो. उद्या तुम्हाला दुसरा भाग करायचा झाला आणि त्यांनी सही दिली नाही तर तुम्ही काय करणार? मालकी पूर्ण तुमची ठेवा. त्यांना हवा तर पुढच्या भागाला पहिला नकार देण्याचा हक्क द्या, म्हणजे आधी त्यांना विचारायचं आणि ते नको म्हणाले तरच दुसऱ्याकडे जायचं, तोही मुदत घालून. आणि हे लिहूनच घ्या की त्यांनी मध्येच पैसे थांबवले, किंवा त्यांची कंपनी विकली गेली, तर केलेलं काम आणि सगळे हक्क परतफेडीच्या अटीशिवाय तुमच्याकडे येतील. एम्ब्रेसर या स्वीडिश गेम कंपनीचा दोन अब्ज डॉलरचा सौदा मे २०२३ मध्ये फिसकटला, त्यानंतर तिथले स्टुडिओ बंद पडत गेले. अशा वेळी आपला अर्धवट गेम कुणाच्या नावावर आहे हाच प्रश्न उरतो.

मसुदा इथे टाकू नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शनिवारी दुपारनंतर ऑफिसात आहे.

बाबल्या_मालवण | बुधवार, सकाळी १०:२०

ताईनू, तेंका सांगा, दुसऱ्या भागात दर्या होयोच.